अ-१ आणि पाऊण किलो तांदूळ

आमच्याकडे चकलीच्या भाजणीचं माप ठरलेलं आहे. तांदूळ किलोभर, हरभऱ्याची डाळ अर्धा किलो, उडदाची पाव, मग मूठभर पोहे आणि धणे-जिरे. २०२३ च्या दिवाळीत सासूबाई म्हणाल्या, यंदा खाणारी माणसं कमी, पाऊण मापाचीच करू. त्यांनी धाकटीला हाक मारली, "काट्यावर पाऊण किलो तांदूळ मोज गं." धाकटी तेव्हा पाचवीत होती. काट्यावर पातेलं ठेवून ती तांदूळ ओतायची, थांबायची, आकडा बघायची, पुन्हा चिमूटभर ओतायची. ४०० ग्रॅमवर येऊन थांबली आणि आजीकडे बघत राहिली.

मी शेजारीच बसले होते. विचारलं, "पाऊण म्हणजे किती?"

"थोडं कमी."

"कशापेक्षा कमी?"

"अर्ध्यापेक्षा."

मला वाटलं, घाईत बोलली. वाण्याच्या यादीमागे मी ३/४ आणि १/२ असे दोन अपूर्णांक लिहिले आणि विचारलं, यातला मोठा कुठला? तिने पेन घेतलं, तिरका गुणाकार केला, सहा आणि चार लिहिले आणि दोन सेकंदांत म्हणाली, "थ्री अपॉन फोर इज ग्रेटर." मी म्हटलं, "अगं, मग हेच पाऊण." ती कागदाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "पण हे मॅथ्समधलं आहे ना?"

चारच दिवसांपूर्वी पहिल्या सत्राचं प्रगतिपत्रक घरी आलं होतं. गणित अ-१, मराठी अ-१, इंग्रजी अ-२, परिसर अभ्यास अ-२. अ-१ म्हणजे ९१ च्या वर. मी ते फ्रिजवर लावलं होतं.

आज दीड वर्ष होत आलं, धाकटी घरी शिकते आहे. कसं ठरवलं, असं बरेच जण विचारतात आणि बहुतेकांना वाटतं की शाळेशी काहीतरी बिनसलं. तसं काही झालं नाही. भाजणीचे ते तांदूळ आणि शाळेचा दाखला यांच्यात सात महिने गेले. त्या सात महिन्यांत आम्ही काय केलं ते मला नीट सांगायचं आहे, कारण आमचा निर्णय त्या तपासणीतूनच निघाला.

आम्ही कराडचे. यांचं विजेच्या सामानाचं दुकान आहे. मी घरी बसून दहा-बारा दुकानदारांचे हिशेब आणि जीएसटीचे रिटर्न सांभाळते. थोरला तेव्हा सातवीत होता. दोघंही एकाच अनुदानित शाळेत, मराठी माध्यम, पण गणित इंग्रजीतून, म्हणजे ज्याला आपण सेमी म्हणतो ते. माझ्या कामात एक गोष्ट रोज दिसते. ताळेबंद जुळतो, सगळे आकडे चोख असतात, आणि गोदामात जाऊन पाहिलं तर माल नसतो. तरीही मुलीच्या बाबतीत मी चार वर्षं फक्त ताळेबंद बघत आले होते. गोदामात कधी डोकावलेच नाही. ग्रेड चांगला होता, म्हणून बघायची गरज वाटली नाही. खरं सांगायचं तर ग्रेड चांगला असला की आपल्याला सवड मिळते, आणि ती सवड मला हवी होती.

दिवाळीच्या सुट्टीत मी तिला तपासायला बसले आणि पहिल्याच रात्री चुकले. दोन तास तिला उठू दिलं नाही. एकामागून एक उदाहरणं. एकोणऐंशी अंकात लिही म्हटलं तर तिने ८९ लिहिले. पुन्हा विचारलं, तर ६९. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या दिवशी गणिताची वही सापडेना. ती तिने गाद्यांच्या घडीत लपवली होती. वही हातात धरून मी बराच वेळ तिथेच बसून राहिले. पाचवीपर्यंत या मुलीने कधी काही लपवलं नव्हतं.

माझे सासरे, अप्पा, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "सूनबाई, आमच्या लहानपणी दिपोटी यायचे शाळा तपासायला. ते आले की आम्हाला येत असलेलंही विसरायला व्हायचं. तू घरात दिपोटी आणू नकोस." मग त्यांनीच तोड काढली. रोज दहा मिनिटं, संध्याकाळी, गॅलरीत. वही नाही, गुण नाहीत, बरोबर-चूक म्हणायचं नाही. फक्त विचारायचं आणि ती काय करते ते बघायचं. मी नंतर आत येऊन माझ्या डायरीत टिपून ठेवायची.

सुरुवात वाचनापासून केली, कारण वाचनाची मला खात्री होती. केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानात तिसरीच्या शेवटी मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचावेत असं उद्दिष्ट आहे. धाकटीने नवा उतारा मिनिटाला ११२ शब्दांनी वाचला, अगदी खणखणीत. मग 'प्रथम' या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेच्या 'असर' सर्वेक्षणाचं साधन घेतलं. २००५ पासून हे सर्वेक्षण गावोगावी घरी जाऊन होतं. त्यात एका पानावर अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट असते. दुसऱ्या पानावर अंक ओळखणं, हातच्याची वजाबाकी आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणं. हे साधन कुणालाही मिळतं आणि दहा मिनिटांत होतं. धाकटी दोन्ही पानं सहज पार झाली. मला हायसं वाटलं.

पण असरचं साधन पाया आहे का एवढंच सांगतं. ते दुसरी-तिसरीच्या पातळीचं आहे, पाचवीचं नाही. आणि पाऊण किलोचं कोडं त्याने सुटत नव्हतं. ती वाचते फडाफडा, उत्तरंही बरोबर लिहिते. मग समजतं की नाही, हे कळायचं कसं?

अप्पांनी एका संध्याकाळी पाटीवर चार ओळी लिहिल्या. मी त्या जशाच्या तशा उतरवून ठेवल्या आहेत.

"टिंबू सकाळी गफळात गेला. गफळ फार भिरकट होतं. तिथे त्याने तीन चुंबोडे सोलपले. म्हणून आई त्याच्यावर खूप झुरमुटली."

शब्द सगळे खोटे, जागच्या जागी बनवलेले. अप्पांनी विचारलं, टिंबू कुठे गेला? धाकटी म्हणाली, गफळात. गफळ कसं होतं? भिरकट. टिंबूने किती चुंबोडे सोलपले? तीन. आई का झुरमुटली? "कारण टिंबूने तीन चुंबोडे सोलपले म्हणून आई झुरमुटली." चारही उत्तरं अचूक, शाळेत अपेक्षित असतात तशी. पाचपैकी पाच गुण देण्यासारखी.

अप्पा म्हणाले, "बाळा, भिरकट म्हणजे काय?"

ती अगदी सरळपणे म्हणाली, "ते कुठे विचारलंय?"

ती टंगळमंगळ करत नव्हती. चार वर्षं शाळेत जे तिच्याकडून मागितलं गेलं ते तिने चोख दिलं होतं. मराठीत तर हे आणखी सोपं. कुठे विचारलं की शेवटी 'त' असलेला शब्द शोधायचा, कुणावर विचारलं की शेवटी 'वर' असलेला. प्रत्यय बघून उत्तर उचलायचं, अर्थाची गरजच पडत नाही. मग मी तिची मराठीची वही नव्या नजरेने वाचली. स्वाध्यायाची सगळी उत्तरं धड्यातलीच वाक्यं होती, प्रश्नातला शब्द ज्या ओळीत आहे ती ओळ. 'माझी आई' हा निबंध निबंधाच्या पुस्तकातला, शब्द न शब्द. त्या निबंधातली आई पहाटे उठून सडा-रांगोळी करते. मी पहाटे उठत नाही आणि आमच्या फ्लॅटला अंगणही नाही.

गणितातही तोच प्रकार निघाला. ४१२ भागिले ४ दिलं. उत्तर तेरा. मी विचारलं, चारशे बारा रुपये चौघांत वाटले तर प्रत्येकाला तेरा रुपये मिळतील? ती म्हणाली, हो. चारशेमधले चौघांना तेरा-तेरा, मग बाकीचे पैसे गेले कुठे, हा प्रश्न तिला पडलाच नाही. भागाकार म्हणजे तिच्यासाठी एक रेघ, एक कंस आणि वरून खाली आणायचे आकडे. मधलं शून्य राहून गेलं, कारण त्या पायरीवर काही करायचं नव्हतं.

आणि संख्यांची नावं. हे का झालं असेल ते मला नंतर उलगडलं. ती दुसरीत होती ते वर्ष २०२०-२१, पूर्ण वर्ष मोबाइलवर. परीक्षा न घेता सगळ्यांना वर घातलं होतं. दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात २०१९ पासून सदुसष्ट बरोबर 'साठ सात' अशीही वाचायची पद्धत आली होती, तेव्हा वर्तमानपत्रांत केवढा वाद झाला होता ते आठवत असेल. शाळेत गणित इंग्रजीतून, म्हणजे 'सिक्स्टी सेवन'. घरी आजी म्हणते सदुसष्ट. एका संख्येची तीन नावं, आणि ती तिन्ही एकमेकांशी जोडून द्यायला त्या वर्षी समोर कुणी नव्हतं. मला साठ-सात वाईट वाटत नाही, इंग्रजीतून गणितही वाईट वाटत नाही. पण पाऊण, सव्वा, दीड, अडीच ज्या घरात रोज बोलले जातात त्या घरातल्या मुलीला ते शब्द आणि पुस्तकातला अपूर्णांक एकच आहेत हे कुणीतरी सांगायला हवं होतं. ते कुणीतरी मीच होते.

जानेवारीत मी बाईंना भेटायला गेले. भांडायच्या तयारीने गेले होते, हे कबूल करते. डायरी घेऊन गेले. बाईंनी ती शांतपणे वाचली, टिंबूच्या गोष्टीवर थांबल्या, आणि कपाटातून त्यांची नोंदवही काढली.

ग्रेड कसा तयार होतो हे मला त्या दिवशी पहिल्यांदा समजलं. आपल्याकडे २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे. त्यात आकारिक आणि संकलित (सत्राअखेरची परीक्षा) असे दोन भाग. पहिली-दुसरीला आकारिकचा वाटा ७० टक्के, तिसरी-चौथीला ६०, पाचवी-सहावीला निम्मं-निम्मं. आकारिक म्हणजे वर्षभरातलं. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय अशी साधनं. कल्पना फार चांगली आहे. एका दिवसाच्या पेपरवर मूल जोखू नये, रोज बघावं. पण बाईंच्या वर्गात ६१ मुलं होती. त्या म्हणाल्या, "एकसष्ट मुलांचं दैनंदिन निरीक्षण मी कधी लिहू? निवडणुकीचं काम, पोषण आहाराचा हिशेब, ऑनलाइन माहिती भरणं. स्वाध्याय पूर्ण आहे का बघते, अक्षर बघते, सही करते." संकलित चाचणीचे प्रश्नही बरेचसे स्वाध्यायातलेच, कारण बाहेरचा प्रश्न आला की पालकच तक्रार घेऊन येतात.

मग त्यांनी धाकटीचं पान उघडलं. प्रकल्प: दहापैकी दहा. पाण्याचं चक्र, कार्डशीटवर. ते मी केलं होतं, रात्री साडेअकरापर्यंत जागून. त्याआधीच्या सत्रातला धान्यांचा तक्ताही माझाच. म्हणजे फ्रिजवर लावलेल्या त्या ग्रेडमधले काही गुण माझे होते. ते कळल्यावर माझी भांडायची तयारी संपली.

जाताना बाईंनी आणखी एक गोष्ट दाखवली, आणि त्याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे. त्या वर्षी तिसरी ते आठवीच्या मुलांची शासनाची पायाभूत चाचणी झाली होती, मराठी, गणित आणि इंग्रजीची. त्याचे गुण प्रगतिपत्रकावर येत नाहीत. बाईंनी धाकटीचा मराठीचा पेपर गठ्ठ्यातून शोधून काढला. पुस्तकाबाहेरचा उतारा होता. शोधून लिहायची उत्तरं बरोबर. 'तुला काय वाटते' आणि 'असे का घडले असेल' या दोन्ही प्रश्नांखाली उताऱ्यातलं पहिलं वाक्य उतरवलेलं. जे शोधायला आम्हाला दोन महिने लागले ते ऑगस्टपासून शाळेच्या कपाटात होतं. बाईंना दिसलंही होतं. एकसष्टांपैकी चाळीसांचं तसंच होतं, त्या म्हणाल्या.

तोवर शाळा सोडायचा विषयही घरात नव्हता. आधी सोप्या वाटा बघितल्या. शिकवणी लावायची? शेजारच्या शिकवणीत जाऊन पाहिलं, तिथे त्याच स्वाध्यायाची तीच उत्तरं पाठ करून घेत होते. शाळा बदलायची? दोन शाळा पाहिल्या, वर्गात पन्नासच्या वरच मुलं. घरी रोज तासभर बसायचं? ते फेब्रुवारीभर केलं. सकाळी शाळा, दुपारी गृहपाठ, संध्याकाळी माझा तास. धाकटी रात्री जेवताना पेंगायची. आणि एक गोष्ट लक्षात आली की दिवसभर ती शाळेत जे शिकत होती, म्हणजे लवकर उत्तर शोधून मोकळं व्हायचं, तेच मी संध्याकाळी सोडवायला बघत होते. एकाच पोरीला दोन बाजूंनी ओढल्यासारखं.

यांना पहिल्यांदा बोलले तेव्हा हे गप्प बसले. मग म्हणाले, "मैत्रिणींचं काय? दहावीचं काय? आणि तुझं काम?" तिन्ही प्रश्न खरे होते. नात्यातल्या एकांनी मालविका जोशीची बातमी पाठवली. मुंबईच्या या मुलीला आईने सातवीत असताना शाळेतून काढलं, तिने प्रोग्रॅमिंगच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये तीन पदकं मिळवली आणि २०१६ मध्ये ती अमेरिकेत एमआयटीला गेली. वाचून आनंद झाला, पण त्यात आमच्या उपयोगाचं काही नव्हतं. आम्हाला पदक नको होतं. आमच्या पोरीने 'भिरकट म्हणजे काय' असं आपणहून विचारावं, एवढंच हवं होतं.

ठरलं असं की उन्हाळ्याची सुट्टी हा प्रयोग. वार्षिक परीक्षा होऊ द्यायची. त्या वर्षापासून पाचवीला आणि आठवीला पुन्हा पास-नापास आलं होतं, पास व्हायला प्रत्येक विषयात ३५ टक्के. धाकटी भरपूर गुणांनी पास झाली, त्यात नवल नव्हतं. मग मे महिना आणि १५ जूनपर्यंतचे दिवस हातात होते.

पहिले आठ दिवस फक्त पैसे. दुकानातून हे शंभराच्या, दहाच्या नोटा आणि एकेक रुपयाची नाणी घेऊन आले. चारशे बारा रुपये तिच्यासमोर ठेवले, चार शंभराच्या नोटा, एक दहाची, दोन नाणी. आम्ही चौघं गोल बसलो, अप्पा, आजी, थोरला आणि मी. वाट म्हटलं. तिने शंभर-शंभर दिले. दहाची नोट हातात घेतली आणि थांबली. "ही एकच आहे." मग काय करशील? तिने ती माझ्याकडे दिली, "सुट्टे दे." दहा नाणी आणि आधीची दोन, तीन-तीन वाटली. मग मोजलं. "एकशे तीन." मी काही बोलले नाही. ती स्वतः उठली, जुनी वही घेऊन आली, तेरा लिहिलेलं पान काढलं आणि बघत बसली. मग म्हणाली, "दहाची नोट कुणालाच मिळाली नाही. म्हणून तिथे झिरो. मी ती जागाच खाल्ली." शून्य का लिहायचं हे मला कुणी असं सांगितलं नव्हतं. मी बी.कॉम. झाले, पण नियम म्हणून शिकले होते.

वाचनाला वेळ लागला. तिथे अजूनही काम चालू आहे. नियम एकच केला, वाचताना अडेल तिथे बोट ठेवायचं. मेमध्ये पहिल्या आठवड्यात एकदाही बोट थांबलं नाही. पुस्तक संपवून मोकळी. 'ओशाळला' म्हणजे काय विचारलं की गप्प. तिला न कळणं म्हणजे चूक वाटत होतं. अप्पांनी मग स्वतः पेपर वाचताना मोठ्याने थांबायला सुरुवात केली. "हा शब्द मला कळला नाही बुवा." पंचाहत्तरीच्या आजोबांना शब्द अडतात हे तिने पाहिलं आणि जूनच्या सुरुवातीला एका संध्याकाळी तिचं बोट थांबलं. 'विसर्ग' या शब्दावर. कोयनेतून विसर्ग वाढवला, अशी जुन्या पेपरमधली बातमी होती. कराडच्या मुलांनी हा शब्द दर पावसाळ्यात शंभर वेळा ऐकलेला असतो. तिने विचारलं, "सोडलेलं पाणी म्हणजे विसर्ग, मग व्याकरणातला विसर्ग वेगळा का?" अप्पांना एवढा आनंद झाला की ते उठून उभे राहिले. दोन्हींचा धागा सोडणं हाच आहे, एकात पाणी आणि एकात श्वास, हे त्यांनी तिला तिथेच हातवारे करून समजावलं.

त्या रात्री हे म्हणाले, "एक वर्ष करून बघू."

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते, कारण सगळे तेच जास्त विचारतात. शिक्षण हक्क कायद्यात घरी शिकवण्याबद्दल काही शब्दच नाही. कलम १० प्रमाणे मुलाला शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य आहे, पण न घातल्यास पालकाला शिक्षा अशी तरतूद नाही. म्हणजे हे अधल्यामधल्या जागेत उभं राहणं आहे, आणि ते माहीत असूनच करावं. दाखला मागितला तेव्हा कार्यालयात विचारलं, नवी शाळा कुठली? घरीच, म्हटल्यावर त्यांना कुठल्या रकान्यात लिहावं कळेना. यू-डायसच्या, म्हणजे शाळांच्या सरकारी ऑनलाइन माहितीच्या, नोंदीत अशी मुलं ड्रॉपबॉक्समध्ये जातात, म्हणजे एका शाळेतून निघाली आणि दुसरीत पोचली नाहीत. जुलैमध्ये शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण करणारे एक गुरुजी घरी आले. धाकटीच्या वह्या बघितल्या, अप्पांशी जुनी ओळख निघाली, चहा घेऊन गेले. आमची मुलगी सरकारी यादीत शाळाबाह्य आहे, हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला लागला, खोटं कशाला बोलू.

परीक्षांचे रस्ते आहेत. महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळ पाचवी, आठवी आणि दहावीच्या परीक्षा घेतं, आठवीला वय १३ पूर्ण लागतं. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था म्हणजे एनआयओएस आहे, तिथे दहावीला १४ पूर्ण. आणि दहावी बाहेरून देणाऱ्यांचा सतरा नंबरचा फॉर्म तर सगळ्यांना माहीत आहे. परत शाळेत जायचं ठरलं तर कलम ४ मध्ये वयानुरूप वर्गात प्रवेशाची सोय आहे. या शेवटच्या गोष्टीमुळे मला धीर आला. दार आतून बंद होत नाही.

दीड वर्षात सगळं छान चाललं असं मी म्हणणार नाही. महिन्याची ११ आणि २० तारीख जवळ आली की माझे रिटर्न भरायचे असतात. ते चार-चार दिवस मी तिला वेळ देऊ शकत नाही, तेव्हा ती अप्पांकडे. अप्पा नसते तर हे जमलं नसतं, हे मी प्रत्येक विचारणाऱ्याला आधी सांगते. आई-वडील दोघं दिवसभर बाहेर असतील आणि घरात तिसरं माणूस नसेल, तर ग्रेडवर राग काढून शाळा सोडवू नका. आधी मुलाला काय येतं ते बघा. रोज दहा मिनिटं, दोन महिने. त्यासाठी शाळा सोडावी लागत नाही. विज्ञानात आम्ही मागे आहोत, प्रयोगाचं सामान घरी नाही. इंग्रजी बोलणं कमी झालं आहे. मैत्रिणी संध्याकाळी खेळायला येतात, पण त्यांच्या बोलण्यातल्या बाई, डबे, स्नेहसंमेलन यांत धाकटी नसते. त्या गेल्यावर ती थोडा वेळ गॅलरीत उभी राहते. मी तेव्हा तिच्याजवळ जात नाही, पण स्वयंपाकघरातून मला दिसते.

थोरला शाळेतच आहे, आता नववीत. त्याला शाळा आवडते, कबड्डीच्या संघात आहे. मागच्या महिन्यात त्याने आपणहून अप्पांसमोर पाटी आणून ठेवली. "माझंही बघा ना." अप्पांनी बनवलेला नवा खोटा उतारा त्याने वाचला, तिसऱ्या शब्दावर थांबून म्हणाला, "हे काहीतरी भलतंच आहे, याला अर्थच नाही." त्याच शाळेत, तेवढ्याच गर्दीच्या वर्गात तो शिकला. त्याची दुसरी मोबाइलवर गेली नव्हती, हे एक. दुसरं, तो लहान असताना मला कामं कमी होती आणि रात्री मी त्याला गोष्टी वाचून दाखवायची. धाकटीच्या वेळी ते राहून गेलं.

यंदाच्या पावसाळ्यात धाकटीने रोज सकाळी पेपरमधला धरणाचा आकडा वहीत उतरवला. कोयनेची क्षमता १०५.२५ टीएमसी. रोज किती वाढला, किती राहिला, या वेगाने कधी भरेल, असा तक्ता तिचा स्वतःचा. कार्डशीटवर नाही, साध्या वहीत, खाडाखोड केलेला. चार दिवसांचा अंदाज साफ चुकला, तेव्हा तिने खाली लिहिलं आहे, "दरवाजे उघडले होते, मी विसर्ग धरला नाही."

आता ती म्हणते आहे, आठवीला शाळेत जाऊ का? मैत्रिणींच्या वर्गात. पुढच्या ऑगस्टमध्ये तिला तेरा पूर्ण होतील, म्हणजे घरून परीक्षा द्यायचीही सोय आहे. मी तिला म्हटलं, दोन्हीकडे काय मिळेल, काय जाईल ते लिहून काढ, मग आपण चौघं बसू. परवापासून ती लिहिते आहे. काल रात्री पान बघितलं. शाळेच्या बाजूला पहिलीच ओळ होती, "तिथे न कळलेलं विचारलं तर बाईंना वेळ असेल का?" त्या ओळीपुढे तिने प्रश्नचिन्ह काढून ठेवलं आहे आणि मला सांगितलं आहे, बाईंना मी स्वतः जाऊन विचारणार, तू येऊ नकोस. सोमवारी मधल्या सुट्टीत ती जाणार आहे.